भाड्याच्या घरातला बॉयलर, गॅसची तपासणी आणि आमचं देवघर (इंग्लंड)

रेडिंगची_सायली
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगमध्ये दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. परवा संध्याकाळी एजंटचा मेसेज आला : उद्या ८ ते ६ च्या दरम्यान गॅस इंजिनीअर येईल, घरी कोणी नसेल तर आमच्या किल्लीने दार उघडू. आम्ही दोघंही कामावर जातो. घरी फक्त सासू-सासरे, भारतातून आलेले, आणि त्यांना इंग्रजी बोलायची सवय नाही. मी कळवलं की उद्या जमणार नाही, शनिवारी पाठवा. त्यावर उत्तर आलं की तपासणी कायद्याने सक्तीची आहे, तुम्हाला अडवता येणार नाही, आणि अडवलीत तर पुढे घर द्यायचं का याचा मालक विचार करतील.

दुसरी अडचण बॉयलरच्या, म्हणजे घर आणि पाणी गरम करणाऱ्या गॅसच्या यंत्राच्या, जागेची. तो छोट्या बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात आहे. घरात दुसरी जागाच नाही म्हणून त्या कपाटात बॉयलरच्या खालच्या फळीवर आम्ही देव मांडलेत. टाक, बाळकृष्ण, शंख, घंटा, समोर निरांजन. वरच्या फळीवर पांघरुणं. परका माणूस बूट घालून येऊन देवांना हात लावणार, या विचाराने सासूबाईंना रात्री झोप लागली नाही.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एजंट असा एका दिवसाच्या सूचनेवर आत येऊ शकतो का? आणि ही तपासणी खरंच इतकी महत्त्वाची असते की फक्त कागद रंगवायचं काम?

विसोबा
सरळ नाही म्हणा. भाडं भरता ना? मग घर तुमचं. निवांतपणे राहण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलाय. दार उघडूच नका.

कोथरूडकर_लेस्टरवासी
विसोबा, अर्धं बरोबर बोललात. पण अर्धाच सल्ला ऐकून ताई तपासणीच टाळायच्या, म्हणून सविस्तर लिहितो.

गॅस सुरक्षेचे १९९८ चे नियम आहेत. भाड्याच्या घरात मालकाने दिलेलं प्रत्येक गॅसचं उपकरण आणि त्याची धूर बाहेर नेणारी नळी, म्हणजे फ्लू, दर १२ महिन्यांनी तपासून घ्यायचं बंधन मालकावर आहे. तपासणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करायला पात्र इंजिनीअरांच्या अधिकृत यादीत, नोंदलेलाच हवा. तपासणीनंतर २८ दिवसांच्या आत प्रमाणपत्राची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे, आणि नवीन भाडेकरूला राहायला येण्याआधी. मालकाने हे केलं नाही तर दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो. एजंट घायकुतीला येतात ते त्यामुळे.

आता आत येण्याबद्दल. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमात घराची स्थिती पाहायला यायचं तर किमान २४ तास आधी लेखी सूचना आणि वाजवी वेळ, असं आहे. गॅस गळती वगैरे आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. पण सूचना दिली म्हणजे तुमच्या नाही म्हणण्याला न जुमानता किल्लीने दार उघडायचा परवाना मिळाला, असं नव्हे. तुम्ही अडूनच बसलात तर मालकाने कोर्टातून आदेश आणायचा असतो. आणि तुम्ही कुठे अडलाय? शनिवारचा पर्याय दिलाय. ते ईमेलवर लिहून ठेवा, फोनवर बोलू नका.

रंकाळा
काय टेन्शन घेऊ नका ताई. शनिवार म्हणजे शनिवार म्हणायचं आणि चहा टाकून ठेवायचा. आमच्याकडं आलेला इंजिनीअर चहा, शंकरपाळी खाऊन रेडिएटरची हवा पण काढून देऊन गेला.

माझंघर_मिल्टनकीन्स
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. मागच्या भाडेकरूने तीन वेळा इंजिनीअरला दारातून परत पाठवलं. प्रत्येक खेपेचे पैसे मला पडले, ते सोडा. रात्री मनात एकच यायचं की आत लहान मूल आहे आणि बॉयलरची तारीख उलटून गेलीय. मी पत्रं लिहिली, तारखा टिपून ठेवल्या, कारण मालकाने शक्य ते सगळे प्रयत्न केल्याचा पुरावा ठेवायला लागतो. सरकारी मार्गदर्शनातच म्हटलंय की भाडेकरूला तपासणी का आवश्यक आहे ते लिहून कळवा आणि स्वतःच्या सोयीची वेळ ठरवायची संधी द्या. म्हणजे सायली, तुम्ही मागितलेला शनिवार हा उपकार नाही, मालकाने स्वतःहून विचारायला हवी होती अशी गोष्ट आहे. एजंटने धमकी दिली ते अत्यंत चूक. पण कृपया तपासणी मात्र होऊ द्या.

विसोबा
ताई, तुमच्यासारखे मालक असते तर हा धागाच निघाला नसता. माझा राग अनुभवातून आहे. आम्ही दिवाळीला भारतात गेलो होतो. परत येऊन पाहतो तर बॉयलर बंद, स्वयंपाकघराच्या फरशीवर बुटांचे चिखलाचे ठसे आणि ओट्यावर चिठ्ठी : तपासणी केली. ना फोन, ना ईमेल. कपाटातले डबे काढून जमिनीवर ठेवलेले, ते तसेच. घरात थर्मामीटर ९ दाखवत होता आणि कडेवर झोपलेलं बाळ. तपासणीला माझा विरोध नाही, या वागण्याला आहे.

अनुजा
विसोबा, बाप रे. तक्रार केलीत का?

विसोबा
केली. एजन्सीने दिलगिरीचं पत्र पाठवलं. पुढच्या वर्षीपासून तारीख विचारून येतात, हे मान्य करायला हवं.

कोथरूडकर_लेस्टरवासी
भारतात जाणाऱ्या सगळ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. २०१८ पासून नियमात बदल झालाय. मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत कधीही तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, मालकाचं काही नुकसान होत नाही. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत तारीख येत असेल आणि तुम्ही तिकडे असणार असाल तर नोव्हेंबरमध्येच उरकून घ्या म्हणून एजंटला आपणहून कळवा.

निळीज्योत
मी गॅस सेफ नोंदणी असलेला इंजिनीअर आहे, मिडलँड्समध्ये काम करतो. मूळचा साताऱ्याकडचा. सायलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण कागद रंगवायचं काम हा शब्द मला लागला.

नीट तपासणी करायची तर मी आधी मीटरपाशी गळतीची चाचणी घेतो. सगळी उपकरणं बंद करून पाइपातला दाब टिकतो का पाहायचं. मग प्रत्येक उपकरणाला गॅस हवा तेवढा मिळतोय का, ज्योत कशी आहे, जळलेला वायू फ्लूमधून पूर्ण बाहेर जातोय का, हवा आत यायची जाळी मोकळी आहे का, आणि बिघाड झाला तर उपकरण आपोआप बंद पडतं का, हे बघायचं. बॉयलरला चिकटून डबे ठेवलेले असतील, फ्लूपर्यंत नजर पोहोचत नसेल, तर मी कशाच्या जोरावर सही करू? नवीन फ्लॅटमध्ये तर फ्लू छताच्या आतून जातो, तिथे किमान ३०० बाय ३०० मिलीमीटरची झडप ठेवतात, आत टॉर्च मारून सांधे बघायला. ती झडप लोकांनी वॉलपेपर लावून बुजवलेली मी पाहिली आहे.

तुमच्या देवघराबद्दल. तुमचा बॉयलर बहुधा बंद पेटीचा असेल, म्हणजे हवा बाहेरून घेतो आणि बाहेरच सोडतो. तरीही त्याच्या भोवती किती जागा मोकळी हवी ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. देव हलवायचे असतील तर ते काम घरच्याच माणसाने आदल्या दिवशी करावं, मी कधीही कुणाच्या देवांना हात लावत नाही. बूट काढतो किंवा प्लॅस्टिकची मोजडी चढवतो, नुसतं सांगायचं. पण निरांजनाबद्दल मात्र हात जोडून सांगतो, बंद कपाटात, वर पांघरुणं असताना उघडी ज्योत लावू नका. गॅस राहू द्या बाजूला, आधी पांघरूण पेटेल.

रेडिंगची_सायली
निळीज्योत दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. देवांना हात लावत नाही हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. इंजिनीअर खरा आहे हे ओळखायचं कसं तेही सांगा. सासूबाई घरी एकट्या असताना कोणी दारात उभं राहिलं तर?

निळीज्योत
ओळखपत्र मागा, दोन्ही बाजू बघा. पुढे फोटो, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. मागच्या बाजूला तो कुठल्या कुठल्या कामाला पात्र आहे ते लिहिलेलं असतं, आणि बहुतेक लोक तीच बाजू बघत नाहीत. एखाद्याला शेगडी करता येते पण बॉयलर नाही, असं असू शकतं. क्रमांक गॅस सेफच्या संकेतस्थळावर टाकला की माहिती दिसते. एजंटकडून नाव आणि क्रमांक आदल्या दिवशी मागून घ्या, तो तुमचा वाजवी आग्रह आहे. ओळखपत्र दाखवायला कां-कूं केली तर दार लावून घ्यायचं. खरा माणूस याचा राग मानत नाही. आणि जुन्या लोकांकडून कॉर्गी हे आधीच्या नोंदणीचं नाव ऐकाल, ते २००९ साली गेलं, आता गॅस सेफच.

शेफील्डचा_विद्यार्थी
आमच्या घरात आम्ही पाच जण आहोत. बॉयलरच्या कपाटात इडलीचं पीठ आंबायला ठेवतो, थंडीत दुसरा इलाजच नाही. तेही चालणार नाही का?

अनुजा
हाहा, दही पण तिथेच लागतं हो! आमच्या जुन्या घरात गरम पाण्याची टाकी असलेलं कपाट होतं, त्यात रात्री विरजण लावलं की सकाळी सुरीने कापावं असं दही. नव्या घरात टाकी नाही, नुसता कॉम्बी बॉयलर, तिथे काही जमत नाही.

रंकाळा
ओव्हनचा दिवा लावून ठेवा की त्यात. पीठ दुप्पट फुगतंय बघा.

निळीज्योत
टाकीच्या कपाटात पातेलं ठेवायला हरकत नाही. बॉयलरच्या खाली ठेवत असाल तर तपासणीच्या दिवशी तेवढं काढा. पीठ उतू जाऊन नियंत्रणाच्या पट्टीवर सांडलेलं मी साफ केलेलं आहे.

नाशिककर_मावशी
मुलगा तिकडे असतो म्हणून हा धागा वाचते आहे. तुम्ही सगळे तपासणीचा त्रास म्हणता, पण आमच्याकडे असं कोणी दरवर्षी येऊन बघत असतं तर किती जीव वाचले असते. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते, बाथरूममध्ये गॅस गिझर, दार-खिडकी बंद, आणि अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात नवी सून अशीच गेली. भाड्याचं घर होतं. गिझर कुणी बसवला, कधी तपासला, कुणाला काही ठाऊक नव्हतं. गिझरमधून साचणाऱ्या त्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. आमच्याकडे सिलिंडरवाल्याचा माणूस येतो तो रबरी नळी बघतो, पाच वर्षांनी नळी बदलायला सांगतो, आणि तेही शेगडीपुरतं. गिझरकडे बघायला कोण येतं? तिकडे कायदा आहे तर बाळांनो त्याचा फायदा घ्या.

कोथरूडकर_लेस्टरवासी
मावशी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो म्हणून गळती कळते, याचा मात्र पत्ताच लागत नाही. पुण्यात मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो, तिथेही गिझर बाथरूममध्येच होता आणि मालकाने त्याचं नाव कधी काढलं नाही. आता आईबाबांच्या घरचा काढून विजेचा बसवून घेतलाय.

हॅरोकर_नेहा
पहिल्यांदाच लिहिते आहे, पण मावशींचं वाचून राहवलं नाही.

आम्ही लग्नानंतर लंडनजवळ एका जुन्या घरात राहायचो. बैठकीच्या खोलीत भिंतीत बसवलेली गॅसची शेगडी होती, ऊब घ्यायची. नोव्हेंबरपासून मला डोकेदुखी सुरू झाली. मळमळायचं, पायऱ्या चढताना धाप लागायची. नवऱ्यालाही डोकं जड वाटायचं. डॉक्टरांनी विषाणू म्हटलं, आईने फोनवर आनंदाची बातमी आहे का विचारलं. शनिवार-रविवार नणंदेकडे गेलो की दोघंही एकदम ठणठणीत. सोमवारी संध्याकाळी परत तेच. बाहेर गेलं की बरं वाटतं ही खूण इतकी मोठी आहे, पण तेव्हा आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

तपासणीची तारीख उलटून गेली होती. मालकाला बऱ्याचदा आठवण केल्यावर इंजिनीअर आला. त्याने शेगडीसमोर धुराची कांडी पेटवली. धूर चिमणीत जायच्या ऐवजी खोलीत परत आला, माझ्या डोळ्यांसमोर. मग त्याने कोपऱ्यातलं कपाट सरकवलं. मागे भिंतीत हवा यायची जाळी होती आणि तिच्यावर आधीच्या भाडेकरूंनी चिकटपट्टी मारून, वर भिंतीचाच रंग दिला होता. गार वारं येतं म्हणून. चिमणीत पक्ष्याचं घरटं निघालं ते वेगळंच. त्याने गॅस तोडला, शेगडीला धोक्याचा लाल कागद बांधला आणि आम्हाला रक्त तपासून घ्यायला पाठवलं.

म्हणून सायली, कागद रंगवायचं काम नाही गं हे. माझ्या मुलीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे.

रंकाळा
नेहाताई, अंगावर काटा आला.

माझंघर_मिल्टनकीन्स
नेहा, तुमचा प्रतिसाद मी माझ्या भाडेकरूला इंग्रजीत सांगणार आहे. मालकांनाही वाचायला द्यायला हवा खरं तर.

निळीज्योत
ज्योतीचा रंग बघत जा. निळी, टोकदार असेल तर ठीक. पिवळी, आळसावलेली दिसली, उपकरणाभोवती काजळी धरली, पायलट, म्हणजे आत सतत जळणारी छोटी ज्योत, वारंवार विझू लागला, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त पाणी जमू लागलं, तर वापर बंद करून इंजिनीअरला बोलवा, वार्षिक तारखेची वाट बघू नका. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडची शंका आली तर खिडक्या उघडा, गॅस बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. चोवीस तास सुरू असतो. ते येऊन धोका थांबवतात, बॉयलर दुरुस्त करून देत नाहीत, ते काम मालकाचं.

शेफील्डचा_विद्यार्थी
आमच्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे पण तो मध्येच एकदा टिक असा वाजायचा म्हणून कोणीतरी बॅटरी काढून ठेवलीय. नेहाताईंचं वाचल्यावर सगळ्यांना उठवलं. आता काय करू?

निळीज्योत
आत्ता बॅटरी घाल. थोड्या थोड्या वेळाने एकच टिक म्हणजे सहसा बॅटरी संपत आली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं. मागे तारीख छापलेली असते ती बघ. सलग मोठ्याने वाजू लागला तर विचार करत बसायचं नाही, बाहेर. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर किंवा गॅसची शेकोटी असलेल्या राहत्या खोलीत हा अलार्म मालकाने बसवायचाच असतो, आणि बिघडल्याचं कळवलं की बदलून द्यायचा. फक्त स्वयंपाकाची शेगडी असेल तर या नियमात येत नाही. तरी मी म्हणेन की आपल्या पैशाने एक घेऊन ठेवा.

शेफील्डचा_विद्यार्थी
घातली. तारीख संपलेली निघाली. मालकाला ईमेल केलाय, आणि उद्या आम्ही वर्गणी काढून एक आणतोय.

अनुजा
शाब्बास रे.

क्लायडकाठ
ग्लासगोहून. स्कॉटलंडमध्ये आत यायला २४ नाही, ४८ तासांची सूचना लागते, आणि अलार्मचा नियम २०२२ च्या फेब्रुवारीपासून भाड्याच्याच नव्हे, सगळ्या घरांना आहे. इंग्लंडचं वाचून इथे कुणी वाद घालू नये म्हणून लिहिलं.

अनुजा
एक शंका. सायलीला एजंटने घराबद्दल जी धमकी दिली, तिचं काय? बरेच जण त्या भीतीनेच गप्प बसतात. व्हिसा, शाळा, ठेव, सगळं अडकलेलं असतं.

कोथरूडकर_लेस्टरवासी
भीती खरी आहे, ती कमी लेखू नये. पण १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामं करायला लावणारी कलम २१ ची नोटीस रद्द, हे २०२५ च्या कायद्याने ठरलं. मालकाला कायद्यातलं कारण दाखवावं लागणार. शनिवारी या म्हणणं हे काही त्या कारणांत बसत नाही. धमकीचे मेसेज पुसू नका. पुढे तशीच वेळ आली तर काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरांच्या विभागाकडे जाता येतं, आणि मालक तपासणीच करत नसेल तर तक्रार आरोग्य आणि सुरक्षा कार्यकारी विभागाकडे, म्हणजे एचएसईकडे.

रेडिंगची_सायली
मंडळी, झालं काम. ईमेलमध्ये लिहिलं की तपासणीला आमचा पूर्ण होकार आहे, शनिवारी किंवा सोमवारी सकाळी ९ ते १२, इंजिनीअरचं नाव आणि क्रमांक आधी कळवा, आम्ही नसताना किल्ली वापरू नका. मालकाचाच फोन आला. त्यांना एजंटने काय लिहिलंय याची कल्पनाच नव्हती. शनिवार ठरला.

इंजिनीअर म्हणून एक बाई आल्या. सासूबाईंनी दारातच ओळखपत्र मागितलं, हाताने खूण करून ते उलटं करून मागची बाजूही बघितली. बाई हसून म्हणाल्या, असं बघणारं क्वचितच कोणी भेटतं. बॉयलर ठीक आहे. मात्र पांघरुणं फ्लूला टेकत होती, ती फळी कायमची रिकामी ठेवायला सांगितली. आणि शेगडीची एक ज्योत पिवळी जळत होती, बर्नरचं झाकण नीट बसलं नव्हतं, तेही दाखवून दिलं. देव आता बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी लाकडी स्टुलावर आहेत. जागा लहान आहे, पण सासऱ्यांना वाकावं लागत नाही.

निळीज्योत
फार बरं वाटलं. प्रमाणपत्र २८ दिवसांत आलं नाही तर मागून घ्या, आणि त्यावर शेगडीची नोंद आहे का बघा.

डर्बीकर
उशिरा आलो. आमची गॅस शेगडी आम्ही स्वतः विकत घेतलेली आहे, मालकाची नाही. तीही याच तपासणीत येते का?

निळीज्योत
नाही. तुमच्या स्वतःच्या शेगडीची जबाबदारी तुमची. तिथपर्यंतच्या पाइपाची मालकाची. बॉयलर तपासायला माणूस येईल त्याच दिवशी त्यालाच शेगडी बघायला सांगा. थोडे पैसे घेईल, पण वेगळी फेरी वाचेल. आधी फोन करून सांगा म्हणजे तो तेवढा वेळ ठेवतो.